काटक्यांची पाळी

आमच्या घरात पान हा एकच शब्द चार कामं करायचा. उन्हाळ्यात सदाकाका पान तोडायला जायचा, म्हणजे तेंदूची पानं. जेवण झालं की बाबा पान खायचे. पावसाळ्यात सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बांबूच्या चटईवर पत्त्यांच्या दोन गड्ड्या मिसळून रमी चालायची, तेव्हा प्रत्येकाचं कुठलं तरी पान अडलेलं असायचं, आणि ते हाती आलं की 'पान लागलं' म्हणायचं. चौथं काम असं, की साप चावला तर आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो ऐकतो म्हणतात. म्हणून तेव्हाही 'पान लागलं' एवढंच म्हणायचं. एका शब्दावर एवढा भार टाकू नये हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि यावं तरी कसं, घरातले शब्द आपण तपासून थोडेच वापरतो. आता मी चंद्रपुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. इथे साप येत नाही. गॅलरीवरच्या पत्र्यावर पाऊस मात्र येतो, आणि त्याचा आवाज वाढला की मला अजूनही घराच्या मागच्या बाजूनं काकाची हाक ऐकू येते. मुलगा म्हणतो, आई, तो पत्रा काढून टाकू या. मी नको म्हणते. का म्हणते ते त्याला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं गाव नागभीडपासून आत, जंगलाला टेकलेलं. घर मातीचं, वर कवेलू, पुढे सपरी आणि मागे सांदवाडी, म्हणजे परस. सांदवाडीच्या कोपऱ्यात एका मोडक्या छपराखाली काटक्या रचलेल्या असत. घरात बाबा, आई, बाबांचा धाकटा भाऊ सदाकाका, त्याची बायको आणि मी. धानाचा रोवणा आटोपला की गावाला थोडी उसंत मिळायची. त्या दिवसांत जंगलातून कोवळे वास्ते यायचे, बांबूचे कोंब. काकू ते बारीक चिरून, उकळून, पाणी फेकून भाजी करायची. त्याचा आंबूस वास, ओल्या काटक्यांचा धूर आणि बाबांच्या पानातल्या काताचा वास हे तिन्ही मिळून माझ्या लेखी पावसाळा. वर कवेलूवर पाऊस, खाली चटईवर पत्ता आपटल्याचा फट्ट आवाज. काकाचा पत्ता सगळ्यांत मोठ्यानं पडायचा. तेंदूची पानं जमा होतात त्या फडीवर पुडे मोजून मोजून त्याचे तळवे राकट झाले होते.

आम्ही पैसे लावत नव्हतो. चिंचोके असायचे, पण खरी पैज चिंचोक्यांची नव्हती. घरचा नियम असा होता की ज्यानं पहिल्यांदा पॅक केलं, म्हणजे हा डाव आपला नाही असं समजून पानं पालथी टाकली, त्यानं उठायचं, मागे जाऊन चहासाठी काटक्या आणायच्या. नियम कोणी केला माहीत नाही. आई म्हणायची, भाऊजींनीच केला, कारण त्यांना कधी उठावं लागत नाही. ते खरंच होतं. काकानं जन्मात कधी पॅक केलं नाही. हातात काही म्हणजे काही नसलं तरी तो पानं पंख्यासारखी धरून शेवटपर्यंत बसायचा. "येते ना वहिनी, पान येते. जाते कुठी?" आणि एखाद वेळी ते यायचंही. मग तो अख्ख्या टोलीला, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडायचा, पान लागलं. बाहेरून जाणारी माणसं हसायची. या घरात साप निघाला की सत्ती, ते आवाजावरून ओळखायचं, असं गावात म्हणत.

बाबा अगदी उलट. ते सगळ्यांत आधी पॅक करायचे आणि त्याची त्यांना घमेंड होती. मला खेळ त्यांनीच शिकवला. एकदा मी बदामाच्या नव्वीसाठी अडून बसले होते. पान ओढायचं, तोंड वाकडं करायचं, टाकायचं, असं चाललं होतं. बाबांनी माझ्या हातात न डोकावता विचारलं, "बदामाची नव्वी पाहिजे ना तुले?" मी पानं छातीशी धरली. "दोन गड्ड्या आहेत, म्हणजे नव्व्या दोन. एक तुह्या मायनं खाली टाकली तवा तू चिंचोके मोजून राह्यली होती. दुसरी माह्यापाशी आहे अन् मी काही सोडत नाई. मंग आता काय नागभीडच्या गाडीनं येईन का नव्वी?" मी रडवेली होऊन पानं टाकली. ते म्हणाले, "आस धरू नको असं नाई म्हणत. पण पह्यले खाली काय काय पडलं ते पाहून घेत जा." मी काटक्या आणायला गेले तर काका मागून ओरडला, "मनू, भावाचं ऐकू नको. तिसरी नव्वी बी असते." सगळे हसले. बाबासुद्धा.

काकू आमच्याबरोबर खेळत नसे. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यासमोर सुनेनं एका चटईवर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाबा समोर असले तरी ती मला सांगायची, "मनू, बाबाले सांग, जेवण झालं." बाबा शेजारी बसून ऐकत असायचे आणि मला म्हणायचे, "सांग तिले, येतो." मी मधे उभी. या निरोप्याच्या कामाचा मला तेव्हा फार कंटाळा यायचा. पण काकूला खेळ येत होता. स्वयंपाकघराच्या दाराआड बसून, वास्ते चिरता चिरता ती एकूण एक डाव ऐकायची. कधी काकानं चुकीचं पान टाकलं की आतून विळ्याचा आवाज थांबायचा. काका हसून म्हणायचा, "चुकलो वाटते."

त्या दिवशी दुपार होती आणि पाऊस सकाळपासून लागून होता. रोवण्याच्या चिखलात बाबांचा गुडघा सुजला होता, त्याला एरंडाचं पान बांधलेलं. पानं वाटली, बाबांनी आपली उचलली, एकदा पाहिली आणि पालथी टाकली. पॅक. एवढ्या लवकर त्यांनी कधी टाकली नव्हती. आई म्हणाली, "मंग आता काटक्या?" बाबा भिंतीला धरून उठायला लागले तर काकानं त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं.

"बस भाऊ. मी आणतो."

"तू कुठी पॅक केलं? पाळी माही आहे."

"पाळी तुही, पाय माहे. तवर माह्यावालं पान बी येऊन बसते गड्डीत वरच."

त्यानं आपली पानं चटईवर पालथी ठेवली, त्यांवर बाबांचा सरोता, सुपारीचा अडकित्ता, ठेवला, माझ्याकडे बोट रोखून म्हणाला, "पाहशीन तर याद राख," आणि डोक्यावर पोतं घेऊन मागे गेला. त्याची पाळी आली की थांबायचं असं ठरवून आम्ही पुढे खेळत राहिलो. आत चुलीवर चहाचं पाणी ठेवलेलं होतं, विस्तव विझत आला होता. मग मागून हाक आली, "पान लागलं. भाऊ, पान लागलं."

बाबा इथूनच ओरडले, "पानं इथी सरोत्याखाली झोपली आहेत, अन् तुले तिथी कोणतं पान लागलं बे?" आम्ही तिघं हसलो. माझी पाळी होती, मी गड्डीतलं पान ओढलं. आणि मागून काकाच्याही हसण्याचा आवाज आला. हे मी बनवून सांगत नाही, आईनंही ऐकलं होतं. पायाला लागलेलं असताना, भावाचा विनोद ऐकून तो तिथे पावसात हसला. इतक्या वर्षांनी मला हाकेपेक्षा त्या हसण्याची भीती वाटते.

काटक्या आल्या नाहीत म्हणून काकू बघायला गेली. ती परत आली ती सपरीच्या दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला. बाबा तिच्यासमोर हाताच्या अंतरावर होते, पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मनू, बाबाले सांग, त्यायले पान लागलं. खरंच." मी बाबांकडे वळले. मी तो निरोप सांगितला का, ते मला आठवत नाही. बाबा तोवर उठले होते.

भिवा भगताचं घर दोन घरं सोडून. तो वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगून ठेवते, कारण आता सगळे भगताला शिव्या देतात. गावात त्याच्या हातून माणसं बरी झाली होती. सगळेच साप विषारी नसतात हे आम्हाला कळलं ते पुष्कळ पुढे. त्यानं काकाला सपरीतच बसवलं, पायाला फडकं बांधलं, निंबाचे डहाळे फिरवले, आणि निंबाची पानं त्याला चावायला दिली. निंब कडू लागला तर विष चढलेलं नाही, कडू लागला नाही तर चढलं, अशी परीक्षा. भिवानं विचारलं, "कडू लागते का, सदा?"

काका चावत चावत म्हणाला, "गोड लागते."

आणि डोळे मिचकावले. बाबांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, "पाहा याले, इथी बी मस्करी." भिवाही हसला. काका आयुष्यभर थट्टा करत आला होता, त्यामुळे तो खरं बोलतो आहे की खोटं हे त्याच्या सख्ख्या भावालाही कळेना. डोळे त्यानं मिचकावले होते की त्याची पापणी आपोआप पडली होती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

शेजारच्या टोलीतला ट्रॅक्टर उशिराच्या चिखलणीहून परतून आमच्या दारासमोरच उभा होता. आई म्हणाली, नागभीडला सरकारी दवाखान्यात नेऊ. बाबा बाहेर जाऊन नाल्याकडे बघून आले. नाला भरून होता, पण ट्रॅक्टरवाला म्हणत होता की काढतो. बाबा म्हणाले, "थोडं थांबू. भिवाभाऊ उतरवून राह्यला." भिवानं काकाला विचारलं, कसं वाटते. काका म्हणाला, बरं वाटते. बाबा पुन्हा बाहेर जाऊन नाला बघून आले. पुन्हा म्हणाले, थोडं थांबू. मी चटईच्या कडेला उभी होते, आमचा डाव अजून तसाच मांडलेला होता, आणि मला बाबा ओळखू येईनात. पहिल्या नजरेत पानं टाकणारा माणूस. मला नव्वीवरून रडवणारा माणूस. खाली काय काय पडलं आहे ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. काकाचा आवाज जड झाला होता, त्याला मान धरवत नव्हती, आणि तरी ते एका पानासाठी अडून बसले होते. भिवा मधूनमधून बाबांच्या तोंडाकडे बघायचा. आज मला वाटतं, तो वाट बघत होता की हे म्हणतील, बस कर. आणि बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते, की हा म्हणेल, माझ्यानं होत नाही. दोघांपैकी कोणी म्हणालं नाही.

मग काकाची जीभ अडखळायला लागली. त्यानं बाबांचा हात चाचपडत धरला आणि काहीतरी बोलला. भिवा मंत्र म्हणायचा थांबला. काका पुन्हा बोलला. या वेळी शब्द सगळ्यांना कळला.

"पॅक."

त्याच्या तोंडून तो शब्द आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता. बाबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. आणि दाराआडून काकू बाहेर आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. ती सरळ चटई तुडवत आली, पत्ते तिच्या पायाखाली सरकले, आणि ती बाबांसमोर उभी राहिली. तिच्याकडे त्यांना हाक मारायला शब्दच नव्हता, कारण आजवर तिनं त्यांना हाकच मारली नव्हती.

"ऐकून राह्यले ना तुम्ही? पॅक म्हणून राह्यले ते. उठा. ट्रॅक्टरवर घ्या त्यायले."

बाबा उठले. कोणीतरी ढकलावं तसे उठले. काकू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली, काकाचं डोकं बाबांच्या मांडीवर, वर पोती धरलेली. आई आणि मी दारात राहिलो. पुढचं काकूनं सांगितलेलं आहे. नाला ओलांडताना श्वास होता. नागभीडच्या रेल्वेफाटकाशी आले तेव्हा नव्हता, आणि ते बाबांना कळलं होतं, कारण हात त्यांचाच त्याच्या नाकाशी होता. तरी ते ट्रॅक्टरवाल्याला चल चल म्हणत राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला चावून? बाबांना सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, "डाव नुकताच वाटला होता."

तिसऱ्या दिवशी आईला ती चटई उचलायची होती, पण सरोत्याखालच्या पानांना हात लावायचा तिला धीर होईना. काकू आली. तिनं सरोता बाजूला केला, काकाची पानं तशीच पालथी उचलली, न बघता गड्डीत घातली आणि गड्डीला दोरा गुंडाळला. कुठलं पान अडलं होतं ते कोणालाच कळलं नाही. काकू माहेरी गेली नाही, आमच्यातच राहिली, शेतात राबली. ती बाबांशी पुन्हा बोलली नाही. म्हणजे रागानं नाही, रीतीनं. पदर डोक्यावर आला आणि "मनू, बाबाले सांग" पुन्हा सुरू झालं, जणू ती एक दुपार घरात कधी आलीच नव्हती. बाबांनी पत्त्याला हात लावला नाही. पण काटक्या मात्र तेच आणायला लागले. रोज, दर चहाला, पावसात, अनवाणी. आई चिमटा घ्या म्हणायची, काठी घ्या म्हणायची. ते ढिगात नुसता हात घालायचे, कोपरापर्यंत, आणि तसाच थोडा वेळ ठेवायचे. मी ते सांदवाडीच्या दारातून बघितलेलं आहे. आईला मी सांगितलं नाही, पण तिनंही बघितलं असणार.

आई गेल्यावर मी त्यांना चंद्रपूरला आणलं. इथे गॅस. तरी चहाची वेळ झाली की ते विचारायचे, "मनू, काटक्या आहेत ना?" मी म्हणायचे, आहेत. एकदा पाऊस लागलेला असताना त्यांनी मला जवळ बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बोलून दाखवलं. सदा पॅक म्हणाला त्याचा अर्थ काय. दवाखान्यात न्या म्हणाला, की मला आता सोडा म्हणाला. पहिलं असेल तर मी उशीर केला. दुसरं असेल तर त्यानं माझ्या तोंडाकडे बघून जीव सोडला. "अन् दोन्हीत पाळी तं माहीच होती," ते म्हणाले. मी काहीबाही समजूत घातली. असल्या ठिकाणी समजूत कशी घालायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं. ते ऐकून घ्यायचे, आणि दुसऱ्या पावसात तोच प्रश्न.

त्याच वर्षी काकू आली, एसटीनं, पिशवीत वास्ते घेऊन. आता तीही वाकलेली. खोलीत बाबा पलंगावर, ती दाराशी खाली, भिंतीला टेकून, पदर डोक्यावर. बाहेर पत्र्यावर पाऊस. बाबा तिच्याकडे न बघता पडून होते. मग म्हणाले, "मनू, काकूले विचार. सदा पॅक म्हणाला, ते काय म्हणाला."

दोघांमध्ये पाच पावलंही नव्हती. मी म्हातारी बाई, पुन्हा मधे उभी. "काकू, बाबा विचारतात."

काकूनं वास्ते सोलणं थांबवलं नाही. "सांग त्यायले," ती म्हणाली, "पॅक करते त्यानं काटक्या आणावं लागते. त्यायनं डाव टाकला आपला. म्हणजे पाळी त्यायचीच झाली. भावाची नाई राह्यली. तेच सांगून राह्यले होते, हात धरून."

मी बाबांकडे वळले, पण त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. पुष्कळ वेळानं ते शांत झाले. झोप लागली असेल असं समजून मी पांघरूण घातलं, तर डोळे उघडे होते. म्हणाले, "चहा कर." काटक्यांचं विचारलं नाही. त्यानंतर ते जाईपर्यंत कधीच विचारलं नाही.

मी स्वयंपाकघरात आले. काकू मागोमाग आली, वास्त्यांचं ताट घेऊन. मी गॅस पेटवला आणि हळू आवाजात विचारलं, "काकू, काका खरंच तसं म्हणत होते?"

"मले काय माहीत बाई. जीभ कुठी राह्यली होती त्यायच्या ताब्यात." तिनं ताट ओट्यावर ठेवलं, पदर सारखा केला. "तुहे बाबा किती वर्षं एका पानासाठी बसून होते. देऊन टाकलं मी."